सोमवारची लाँच

आमच्याकडे रविवार सोमवारी यायचा. वणीच्या आसपासच्या कोळशाच्या खाणी रविवारी थंड असत, म्हणून कोळसा वाहणारे ट्रक त्या दिवशी उभे राहत, आणि उभे राहिलेले ट्रक दुरुस्तीसाठी आमच्या अब्बांच्या गॅरेजसमोर रांग लावत. रविवारी अब्बा उजाडल्यापासून कुठल्या ना कुठल्या ट्रकच्या पोटाखाली असायचे. बोलवायला गेलं तर त्यांचे फक्त पाय भेटायचे. सोमवारी मात्र चंद्रपूरच्या रस्त्यावरची गॅरेजांची सगळी ओळ बंद. सोमवारी आमच्याकडे मटण शिजायचं, सोमवारी अब्बा नखांतलं ग्रीस रॉकेलनं काढून पांढरा कुर्ता घालायचे, पाहुणे यायचे तेही सोमवारी. बाकीच्या जगाची सुट्टी रविवारी असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यात जगाचंच काहीतरी चुकतंय अशी आमच्या घराची पक्की समजूत होती. माझी शाळा सोमवारी भरायची आणि मला तो माझ्यावरचा अन्याय वाटायचा.

या सोमवारानं आमची पुढं जी शोभा केली, ती सांगायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली. चार लोकांत सहलीचा विषय निघाला की मी अजूनही उठून चहा टाकायला जाते. लाजेची गोष्ट जुनी झाली की ती गंमत होते असं माझ्या बरोबरीच्या शिक्षिका म्हणत. त्यांच्या तशा झाल्याही असतील. माझी झाली नाही.

अब्बा लग्नाआधी एका ट्रकवर क्लीनर होते. कापसाच्या गाठी घेऊन ते एकदा मुंबईला गेले. गाठी उतरवेपर्यंत मोकळा वेळ मिळाला, तेव्हा हिंडत हिंडत गेटवेला पोचले आणि तिथं त्यांनी माणसांनी भरलेल्या लाँच समुद्रात जाताना पाहिल्या. कुठं चालले म्हणून विचारलं, तर कुणीतरी सांगितलं, घारापुरीला. समुद्रात डोंगर आहे, डोंगरात लेणी आहेत, अख्खा महादेव खडकात कोरलेला आहे. बसायची फार इच्छा झाली, पण तेवढ्यात ड्रायव्हर हाका मारायला लागला. ती राहून गेलेली लाँच अब्बांनी जन्मभर जपली. अम्मीला त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी कबूल केलं होतं म्हणे, की तुला त्या बेटावर नेईन. अम्मी मुकुटबनची. तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली पैनगंगा, आणि तीही लांबून. ती वर्षानुवर्षं 'हां हां' म्हणत राहिली, आणि मी नववीत असताना अब्बांनी एका सोमवारी जेवण झाल्यावर एकदम जाहीर केलं, "इस साल जाते."

ते साल जाण्यासारखं नव्हतं. कापसाचे ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. बोंडअळी यायची, फवारणी व्हायची, पुन्हा अळी यायची. माणसं वावरातून परतली की त्यांच्या कपड्यांना औषधाचा वास असायचा आणि तो वास आमच्या गल्लीत जेवणाच्या वेळी भाजीच्या फोडणीत मिसळायचा. बोंडं फुटायची ती अर्धीच. आत पांढऱ्याऐवजी पिवळी पडलेली, चिकटून बसलेली कवडी. आमची गल्ली म्हणजे आमचं एक घर सोडलं तर सगळी शेतीवाली. कुणाच्या घरात साखर दिसेनाशी झाली, कुणाच्या पोरीचं जमलेलं लग्न पुढच्या वर्षावर गेलं. आमची चूल मात्र कोळशाच्या ट्रकांवर चालत होती. "कोयले को इल्ली नहीं लगती," असं अब्बा एकदा ओसरीवर मोठ्यानं बोलले, तेव्हा अम्मीनं आतून त्यांना असं काही दटावलं की ते पुन्हा तसं बोलले नाहीत. सहलीचं कळल्यावरही तिचं पहिलं वाक्य तेच होतं, "ऐसे साल में लोगां क्या बोलेंगे?" मग ठरलं की गाजावाजा करायचा नाही. आता अब्बांचा आवाज इंजिनांवरून ओरडून ओरडून तयार झालेला. त्यांची कुजबूज चौथ्या घरी ऐकू जायची. आठ दिवसांत गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा मला विचारायला लागली, की तुम्ही समुद्रात जाऊन राह्यले ना?

पुढचे सगळे सोमवार मग तयारीत गेले. अब्बा फरशीवर खडूनं नकाशा काढायचे: इथं वणी, इथं वर्धा, इथं दादर, हा समुद्र, हे बेट. रविवारी दुपारी शटर ओढायचं, वर्ध्याची एसटी, तिथून संध्याकाळची रेल्वे, सोमवारी सकाळी दादर. स्टेशनावर मामू घ्यायला येणार, तिथून थेट गेटवे, लाँच, बेट, लेणी, पुन्हा लाँच, संध्याकाळची गाडी, आणि मंगळवारी दुपारी पुन्हा गॅरेजवर. अम्मी म्हणाली, "भाई के घर एक रात भी नहीं?" मामू कुर्ल्याला लेथवर काम करायचे, त्यांचं घर तिनं पाहिलेलं नव्हतं. अब्बा म्हणाले, "घूमने जा रहे कि रहने?" त्यांना त्या आखणीचा फार अभिमान होता. एकही नट जास्त उरला नाही, असं ते म्हणायचे. एसटीडी बूथवरून त्यांनी मामूंना फोन केला, तर मामू म्हणाले, इतकी वर्षं मुंबईत आहे पण मी कधी गेलो नाही, तुम्ही या म्हणजे माझंही होईल. यात काही विचारायचं राहून जातंय असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

मग लाँच बुडाली तर काय, हा प्रश्न निघाला. तो काढला अम्मीनं आणि सोडवला अब्बांनी. गॅरेजमधून त्यांनी ट्रकची एक जुनी ट्यूब आणली, तिला पाण्याच्या टाकीत दाबून बुडबुडे येतात का पाहिलं, दोन ठिकाणी पंक्चर काढलं आणि ती घडी करून पायानं मारायच्या पंपासह पिशवीत घातली. समुद्रात पडल्यावर पंप कसा मारणार, असं मी विचारलं, तर माझ्या शाळेच्या फीचा उद्धार झाला. बोट लागून उलट्या होतात म्हणून अम्मीनं लिंबं आणि भाजलेला ओवा बांधला. रात्रीच्या प्रवासाला काय टिकेल यावर दोन सोमवार चर्चा झाली. तिखटाच्या पुऱ्या ठरल्या, ठेचा ठरला, उकडलेली अंडी डब्यात वास मारतात म्हणून बाद झाली. हे सगळं आता लिहिताना मला हसू येतं, आणि हसू आलं की लगेच वेणूकाकू आठवतात.

वेणूकाकू आमच्या शेजारच्या. मधली भिंत एकच. त्या अब्बांपेक्षा वयानं मोठ्या, पण त्यांना काकू म्हणायचे ते सगळेच; अब्बाही. उंच, हाडापेरानं मोठ्या, नवऱ्याच्या बरोबरीनं वावरात राबलेल्या. एका सोमवारी मी शाळेतून आल्यावर त्या आमच्या ओसरीवर येऊन बसल्या.

"रहीमभाऊ, तुम्ही महादेवाच्या बेटावर जाऊन राह्यले असं आयकलं."

अब्बा ओशाळले. "हो काकू. असंच. पोरीले समुद्र दाखवतो."

"कोणत्या वारी हाये तिथं पोचणं?"

"सोमवारी. आपली सुट्टी सोमवारचीच असते ना."

"सोमवारी! माय वो!" काकूंनी हात जोडले. "महादेवाचा वार! पाहा बरं, तुमाले ठरवा नाही लागलं, त्यानंच ठरवलं."

त्यांनी पदराखालून एक पुडी काढली. आत कापूस होता. तसा कापूस त्या साली मी कुठं पाहिला नव्हता, दुधासारखा पांढरा. अख्ख्या वावरातून एकेक बरं बोंड त्यांनी वेचलं होतं, हातानं सरकी काढली होती आणि थोड्याच्या वाती वळल्या होत्या, थोडा तसाच ठेवला होता.

"हे तेवढं त्याच्या पायाशी ठेवजा, भाऊ. त्याले म्हणजा, कापूस असा असते. असाच देत जाय म्हणा. माह्या एकटीच्या वावरात नाही, साऱ्याईच्या वावरात. हे पोचलं का मग मी भाकर खाईन."

अम्मीच्या तेव्हा लक्षात आलं. "म्हणजे? तुम्ही भाकर सोडली, काकू?"

"वेचणी लागली तवाच सोडली."

"काहून वो असं करता? तब्येत पाहा तुमची."

"तब्येतीले काय धाड भरली?"

पण भरलीच होती. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला तो देह भगर आणि मूठभर शेंगदाण्यांवर चालला होता, आणि आता बघितल्यावर दिसत होतं की त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागं सरकताहेत. अब्बांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली. आमच्यात कुणी विश्वासानं सोपवलेल्या वस्तूला अमानत म्हणतात, आणि ती बुडवणं हे साधं पाप नव्हे. अब्बा काकूंना म्हणाले, "काकू, ही अमानत हाये. तुम्ही बेफिकीर राहा." माझ्या इतिहासाच्या पुस्तकात त्या लेण्यातल्या तीन तोंडांच्या मूर्तीचं चित्र होतं, ते मी आणून दाखवलं. काकूंनी चित्राला हात लावून तो कपाळाला लावला आणि पुस्तकावर हळदीचा एक डाग राहिला. निघायच्या दिवशी त्यांनी आमच्यासाठी दशम्या करून आणल्या, दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या, प्रवासाला टिकतात म्हणून. स्वतः खात नसलेल्या ज्वारीच्या. त्या आम्ही वर्धा स्टेशनावरच संपवल्या, फार छान झाल्या होत्या.

सोमवारी सकाळी आम्ही गेटवेला पोचलो. मी समुद्र पाहिला, पण तो कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही, कारण तो पाहत असतानाच अब्बा तिकिटाची खिडकी शोधत होते आणि ती बंद होती. शेजारी एक लाँचवाला दोर गुंडाळत बसला होता.

"घारापुरीची लाँच किती वाजता हाये?" अब्बांनी विचारलं.

"आज नाय जात. आज सोमवार. लेणी बंद असतात."

"बंद?" अब्बा हसले. त्यांना वाटलं, माणूस चेष्टा करतोय. "सोमवार तर महादेवाचा वार हाये."

"महादेवाचा असंल. लेणी सरकारची हायत. त्या लोकांची सुट्टी सोमवारी असते."

 अब्बा अगदी हळू म्हणाले, "सुट्टी आमचीबी सोमवारीच असते."

लाँचवाला पुन्हा दोर गुंडाळायला लागला. मामू खो खो हसायला लागले आणि आमच्याकडे बघून थांबले. अब्बांच्या खांद्यावरच्या पिशवीतून पंपाचा दांडा बाहेर आलेला होता, आणि फोटोवाले, चणेवाले, परदेशी पाहुणे अशा त्या सगळ्या गर्दीत आम्ही चौघं उभे होतो. मला त्या क्षणी अब्बांची लाज वाटली हे मी नाकारणार नाही. पण ती लाज साधी होती, पोरवयातली. खरी लाज पुढं यायची होती.

मामू म्हणाले, "रुक जाओ ना एक दिन. रात को घर चलो, कल सवेरे पहली लाँच से जाते."

अम्मीचा चेहरा उजळला. तिला भावाचं घरही दिसलं असतं. अब्बांनी मान हलवली. "कल दोपहर को एक गाडी देना है. गिअरबॉक्स खुला पडा है. जुबान दी है मैंने."

"और काकू को नहीं दी?" अम्मी म्हणाली.

ती कधी अब्बांना लोकांसमोर असं बोलली नव्हती. अब्बांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. त्यांचा शब्द म्हणजे काय हे वणीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी ब्रेक झाला म्हटलं की ड्रायव्हर तपासून न बघता घाट उतरायचे. उद्या गाडी मिळेल म्हटलं की मिळायची. त्या नावावर गॅरेज चाललं होतं, आणि तिथं गेटवेला उभं राहून त्यांनी मनात काय तोललं ते मला कधी कळलं नाही. एवढं कळलं की ट्रकवाला जिंकला. मग मामूंनी आम्हाला बंदरातल्या बंदरात एक चक्कर मारणाऱ्या लाँचमध्ये बसवलं. लांबवर एक निळसर उंचवटा होता, तेच बेट असं मामू म्हणाले, नक्की त्यांनाही माहीत नव्हतं. अम्मीनं पुडी काढली आणि विचारलं, इथूनच पाण्यात सोडू का? अब्बा म्हणाले, "पाँव के पास रखने बोली थी," आणि पुडी आपल्या खिशात ठेवून घेतली. कुणालाच उलटी झाली नाही. लिंबं तशीच परत आली.

येताना रेल्वेत मी दोन-तीनदा जागी झाले तेव्हा अब्बा बसलेलेच होते. काकूंना काय सांगायचं यावर आमच्यात एक अक्षर बोलणं झालं नाही. मला वाटत होतं, अब्बा सांगतील. बंद होतं, पुन्हा जाऊ, असं काहीतरी. त्यांना खोटं बोलता येत नाही हे मी धरून चालले होते.

मंगळवारी दुपारी आम्ही गल्लीत शिरलो. काकू दारातच उभ्या होत्या. त्यांच्या मागं चूल पेटलेली दिसत होती, आणि परातीत पीठ मळून ठेवलेलं. हात न धुताच त्या बाहेर आल्या असाव्यात, बोटांना पीठ होतं.

"ठेवलं का, रहीमभाऊ?"

अब्बांनी त्यांच्याकडं पाहिलं. गळ्याची हाडं, त्या मागं सरकलेल्या बांगड्या, पिठाची बोटं. "ठेवलं, काकू," ते म्हणाले.

"पायाशी?"

"पायाशी."

काकूंनी डोळे मिटले. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "कसा दिसते वं नसीम महादेव? पुस्तकातल्यासारखाच?" अब्बा कुलूप काढायला पुढं गेले. ते वळून बघत नव्हते. आणि मी सांगितलं. मी सांगितलं की आपली दोन घरं एकावर एक ठेवली तर होईल एवढा आहे, तीन तोंडं आहेत, मधलं डोळे मिटून आहे, आत अंधार आणि गारवा आहे, आणि कापूस ठेवला तेव्हा वाऱ्यानं जरासुद्धा हलला नाही. हे शेवटचं मला कुणी सांगायला लावलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं, आणि चांगलं जमलं म्हणून मनात खूशही झाले. थोड्या वेळानं मधल्या भिंतीतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. अम्मी ओढणी तोंडाला लावून बसून राहिली आणि आमच्या घरात त्या दुपारी कुणी जेवलं नाही.

पुढं शिक्षिका झाल्यावर मुलींची सहल घेऊन मी त्या लेण्यात गेले, गुरुवारी. मूर्ती मी सांगितली होती तेवढी मोठी आहे. पण तिथं पायाशी वगैरे काही ठेवता येत नाही, जवळ जाऊ देत नाहीत, राखणदार शिटी मारतो. म्हणजे त्या वेळी मंगळवारपर्यंत थांबलो असतो तरी बहुधा पुडी घेऊनच परतलो असतो. मला वाटलं, हे कळून अब्बांना हलकं वाटेल. मी येऊन सांगितलं तर ते म्हणाले, "रखके तो देखते." तेवढंच बोलले. आणि ज्याच्यासाठी धावत आलो तो ट्रकवाला शुक्रवारपर्यंत गाडी न्यायला फिरकला नव्हता, हेही त्यांच्या माझ्याइतकंच लक्षात होतं.

त्या पुडीचं काय केलं ते आम्हाला बरंच उशिरा समजलं. अब्बांनी ती बुधवारी सायकलवर निर्गुडा नदीकाठच्या जुन्या महादेवाच्या देवळात नेली होती. आत जायला संकोच वाटला म्हणून बाहेरच्या पायरीवर ठेवली, आणि कुणी बघायच्या आत परत आले. महादेव तो महादेव, असं त्यांनी स्वतःची समजूत घालायला म्हटलं असेल. पण समजूत पटली नव्हती हे दिसत होतं. त्यानंतरच्या सोमवारांना खडू निघाला नाही. ते कुर्ता घालून नुसते बाजेवर बसून राहायचे, आणि मधल्या भिंतीतून काकूंचा आवाज आला की उठून मागच्या अंगणात जायचे.

पुढच्या हंगामात अळी पुन्हा आली. आदल्या वर्षापेक्षा वाईट. गल्लीतल्या बायका आपापल्या ओट्यांवर बसून बोंडांतून नखांनी कवडी उकरायच्या आणि बोलायच्या फार कमी. एक दिवस अम्मीनं काकूंना पाण्याच्या नळावर विचारलं, पुन्हा चेहरा का ओढला तुमचा? तर त्या म्हणाल्या, भाकर सोडली, आणि या बारीला मीठही सोडलं. "माह्याच हातून कमी पडलं, बाई. तुमच्या घरच्यानं एवढ्या दूर नेऊन ठेवलं, अन् मी घाई केली. पोचल्याबरोबर खायले बसली. आणखी काही दिवस धरा लागत होतं. त्याले वाटलं असन, हिले पोटाचीच पडली." अम्मीनं घरी येऊन हे सांगितलं. अब्बा जेवत होते. त्यांनी हात धुतला, पांढरा कुर्ता घातला आणि शेजारी गेले. सोमवारच होता. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी मागोमाग गेले.

काकू ओट्यावर बोंडं घेऊन बसल्या होत्या. अब्बा ओट्यावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले.

"काकू, तुमच्या हातून काही कमी नाही पडलं. तुमचं तिथं पोचलंच नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. लेणी बंद असल्याचं, मामूंनी थांबा म्हटल्याचं, ट्रकचं. काही लपवलं नाही. काकूंचे हात थांबले होते.

"मंग कुठं गेला माहा कापूस?"

"इथं निर्गुडेवरच्या महादेवाच्या पायरीवर ठेवला, काकू. मी सोता जाऊन."

"त्या देवळात तं मी रोज जातो, रहीमभाऊ. तिथंच ठेवाचा असता तं तुमच्या हाती कायले देल्ला असता?"

अब्बा म्हणाले, "तुमची हालत पाहवत नव्हती. म्हणून म्हटलं, दोन घास खातीन..."

"म्हणजे सालभर मी भाकर खाऊन राह्यली, अन् ते पोचलंच नव्हतं." हे त्या आम्हाला सांगत नव्हत्या, स्वतःलाच सांगत होत्या. मग त्यांनी वर पाहिलं. त्यांना रागावलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. "तुम्ही मले सांगतलं असतं, तं मी आणखी एक वर्ष नसती खाल्ली. त्यात काय होतं? मले जमून राह्यलं होतं. तुमाले कोणं सांगतलं, का मले जमत नाही?"

"गलती झाली, काकू."

"अन् तू वं?" त्या माझ्याकडं वळल्या. "वाऱ्यानं हाललाबी नाही म्हणे."

मला वाटत होतं जमीन फाटावी. आजही शाळेत एखादी मुलगी उगाच रंगवून काही सांगायला लागली, की मला माझाच तेव्हाचा आवाज ऐकू येतो आणि मी तिला गप्प करते, आणि मुली म्हणतात, बाई फार कडक.  काकूंनी पुढचं बोंड उचललं आणि नखानं फोडायला लागल्या. अब्बा बराच वेळ उभे राहिले, मग आम्ही घरी आलो. खरं सांगून टाकलं की मन मोकळं होतं असं म्हणतात. अब्बांचं झालं नाही, कारण ते जे ओझं उतरवायला गेले होते, ते काकूंच्या डोक्यावर ठेवून आले होते, आणि हे त्यांना ओट्याखाली उभे असतानाच समजलं होतं.

काकूंनी आमच्याशी संबंध तोडला असता तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. ईदेचा शीरखुर्मा त्यांनी घेतला, दिवाळीचं ताट आलं, माझ्या लग्नात मला हळद लावायला त्याच पहिल्या होत्या. फक्त एक गोष्ट बदलली. आमच्याकडं कुणी गावाला निघालं, की शेजारीपाजारी विचारायची पद्धत आहे: काही न्यायचं-द्यायचं आहे का? मग कुणी लेकीसाठी पापड देतं, कुणी बहिणीसाठी लोणचं. अब्बा यवतमाळला निघोत की नागपूरला, सुटे भाग आणायला जावोत की लग्नाला, आधी काकूंच्या दारात थांबायचे. "काकू, काही न्यायचं हाये का?" आणि काकू आतून म्हणायच्या, "नाही, रहीमभाऊ. काही नाही." त्यांची धाकटी लेक नागपूरलाच दिलेली होती. तिच्यासाठी डबे जायचे, पण ते एसटीच्या कंडक्टरबरोबर. अब्बांना ते दिसायचं. तरी पुढच्या वेळी ते पुन्हा थांबायचे.

अब्बांना शेवटी छातीच्या दुखण्यासाठी नागपूरला हलवलं, तेव्हा मी जीपमध्ये त्यांच्या उशाशी होते. गल्लीतून निघताना त्यांनी हातानं खूण करून गाडी थांबवायला लावली. ड्रायव्हरला वाटलं, त्रास होतोय. काकू, आता पार वाकलेल्या, काठी टेकत जीपपर्यंत आल्या. अब्बांचा आवाज, तो इंजिनांवरून ऐकू जाणारा आवाज, राहिला नव्हता. काकूंना वाकून कान जवळ न्यावा लागला.

"नागपूरले जाऊन राह्यलो, काकू. काही न्यायचं हाये का?"

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी अब्बांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि किती तरी वेळ सोडला नाही. "काही नाही, रहीमभाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेवढे सुखरूप या."

गाडी हलली. त्यांनी किती मायेनं हात धरला होता, हे मी अब्बांना सांगणार होते. त्याआधीच त्यांनी मान माझ्याकडं वळवली.

"देखी? आज भी कुछ नहीं दी," ते म्हणाले.  गाडी वरोऱ्याच्या रस्त्याला लागली.